वगळलेला हात

नऊ पोती कोणीच शिवली नव्हती, असं यंत्राचं म्हणणं होतं.

"मग काय भुताने शिवली?" मी विचारलं.

डॉ. निरंजन प्रभुदेसाई हसले नाहीत. त्यांच्या यंत्राची चेष्टा केली की ते कधीच हसत नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. साठ पोत्यांचे साठ आकडे, त्यातल्या नऊ ठिकाणी शून्य. शिवणारे हात : शून्य.

सन दोन हजार एकेचाळीस, मंगळवार, सकाळचे अकरा. पुण्यातली आमची प्रयोगशाळा. सरकार जे जे विकत घेतं, म्हणजे शाळेचा गणवेश, दवाखान्यातली चादर, कचेरीतली सतरंजी, त्याच्यामागे वेठीला धरलेला माणूस नाही ना, हे आधी तपासायचं, असा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. तपासून सरकारला सल्ला द्यायला पाच जणांचं मंडळ आहे. त्याची अध्यक्ष मी, शैलजा टिपणीस. निवृत्त कामगार अधिकारी, वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघे नवे, जीभ मात्र मूळची.

या वेळी माल होता लाकडी कोळसा. चाळीस हजार शाळांमध्ये पाणी गाळायची नवी यंत्रणा बसणार होती आणि तिच्यात हा कोळसा भरायचा होता. माल स्वच्छ की नाही, ते आम्ही दोन दिवसांत सांगायचं होतं.

प्रभुदेसाईंच्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला 'मामा' म्हणतो, कारण आईकडच्या माणसांची बित्तंबातमी ठेवायची ती मामानेच. पोत्याचं तोंड शिवायला दाभण लागतं. दाभणाच्या नेढ्यात ओवताना सुतळीचं टोक विस्कटतं, म्हणून शिवणारी बाई ते तोंडात धरून ओलं करते, बोटांनी पिळते आणि मग ओवते. हजारो वर्षं बायका असंच करत आल्या आहेत. त्या वाळलेल्या टोकातून मामा तीन गोष्टी काढतो. पहिली, आईकडून लेकराला जशीच्या तशी मिळणारी एक खूण. तिच्यावरून किती वेगवेगळ्या हातांनी माल हाताळला ते कळतं. दुसरी, थकव्याचं रसायन. धडधाकट, पोटभर झोपलेल्या माणसात ते सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं. महिनोन्‌महिने झोप आणि सुट्टी मिळाली नाही की तो चढउतारच मोडतो, रेघ सपाट होते. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. ज्या विहिरीचं पाणी माणूस पितो तिचे क्षार लाळेत उतरतात.

यापलीकडे वाचायचं नाही, ही अट मीच कायद्यात घालून घेतली होती. माणसाची पूर्ण ओळख यंत्राला कळली की ती मालकाला कळायला किती वेळ लागतो?

"ठेकेदाराचा खुलासा आलाय," प्रभुदेसाई म्हणाले. "ती नऊ पोती मशीनवर शिवली. म्हणून हात नाही. बाकीची एकावन्न त्याच्या गोदामात शिवलेली. माणसं व्यवस्थित झोपलेली आहेत, आठवड्याची सुट्टी घेणारी आहेत. माल स्वच्छ आहे. सही करा."

मी सही करायच्या आधी माल बघते. जुनी खोड. पोती मागवली आणि चष्मा पुसून बसले. मशीनचा टाका कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखा सरळ असतो. हे टाके तिरके होते, कुठे लांब, कुठे आखूड. शेवटची गाठ दोनदा पिळून आत खोचलेली. नऊही पोत्यांवर तीच गाठ.

"प्रभुदेसाई, ही मशीन दाभण वापरते का?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत पोती घेऊन आलेली सुगंधा बोलली. सुगंधा हिलम, आमची तंत्रज्ञ. चोवीस वर्षांची, रायगडातल्या कातकरी वाडीवरची, आश्रमशाळेत शिकून विज्ञानाची पदवी घेतलेली. नोकरीच्या मुलाखतीत मी तिला विचारलं होतं, इथेच का यायचंय? तर म्हणाली, "पगार बरा आहे." मला ते उत्तर फार आवडलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझ्यावर जे दोन मेमो निघाले ना, ते अशाच पोत्यांवरून. आधीच्या दोन हप्त्यांतही याच ठेकेदाराचा माल होता. तेव्हाचेच ते."

मला आठवलं. दोन मेमो, दोन्हींवर माझी सही. 'आपल्या हाताची खूण नमुन्यांवर वारंवार आढळत आहे. हा प्रकार त्वरित थांबवावा.'

त्याचं असं आहे. नमुने हाताळताना प्रयोगशाळेतल्याच कुणाची लाळ, घाम त्यात मिसळला तर हिशेब चुकतो. म्हणून आम्हा एकतीस जणांच्या खुणा मामाला आधीच देऊन ठेवल्यात. त्यातली एखादी दिसली की तो ती बाजूला टाकतो आणि त्या माणसाच्या नावावर निष्काळजीपणा लावतो. जगभरच्या प्रयोगशाळांत अशी वगळणी यादी असते. शहाणपणाची रीत आहे.

आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. नऊ पोत्यांवर हात नव्हता असं नव्हे. हात होता, मामाने तो वगळला होता!

"निष्काळजीपणा आहे, दुसरं काय," प्रभुदेसाई म्हणाले.

"सर, मी मास्क लावते," सुगंधाचा आवाज चढला. "आणि पोत्याची सुतळी मी तोंडात कशाला धरीन? तीसुद्धा फक्त याच पोत्यांची?"

"वगळलेलं उघडा," मी म्हटलं.

"वगळलेलं वाचायचं नाही, असा नियम आहे."

"कोणी केला?"

"तुम्ही."

"मग मोडायलाही मीच लागणार. उघडा."

प्रभुदेसाईंनी कुरकुरत बोटं चालवली. पडद्यावर आधी थकव्याची रेघ आली. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, विहिरीतल्या पाण्यासारखी सपाट. चार वर्षांच्या तपासणीत इतकी सपाट रेघ मी तीनदाच पाहिली होती. मग पाण्याचे क्षार आले. फ्लोराइड इतकं, की दात पिवळे पडावेत आणि हाडं दुखावीत.

सुगंधा पडद्याजवळ गेली. "मी वसतिगृहात नळाचं पाणी पिते," ती हळूच म्हणाली. "हे पाणी माझं नाही."

"पण खूण तुझी आहे," प्रभुदेसाई म्हणाले आणि बोलता बोलता स्वतःच थांबले.

आईकडची खूण. ती एकटीची नसते. एका आईच्या सगळ्या लेकरांत ती सारखीच असते.

सुगंधा स्टुलावर बसली. "ताई," ती म्हणाली. "चांगुणाताई."

तिच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग भराभर सगळं आलं. आई गेली तेव्हा सुगंधा नववीत होती. थोरल्या चांगुणाने लाकडं विकून, विटा वाहून तिला शिकवलं. पाच वर्षांपूर्वी एक मुकादम वाडीवर आला, चार महिन्यांच्या कामाला म्हणून तिला घेऊन गेला. पावसाळ्यात बाकीचे परतले, ती नाही. मुकादमाने सांगितलं, कुणाचा तरी हात धरून पळाली. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. सुगंधाने चार जिल्हे पालथे घातले आणि मग ती आमच्याकडे नोकरीला लागली. पगार बरा होता म्हणून!

"सगळ्यात ताजं पोतं कधीचं?" तिने विचारलं.

"नऊ दिवसांपूर्वीचं," प्रभुदेसाई म्हणाले.

"म्हणजे नऊ दिवसांपूर्वी ती जिवंत होती."

मी टेबलावर थाप मारली. आनंदाची होती ती, लपवत नाही. तरी मी तिला सांगितलं, कारण सांगणं भाग होतं, "बाळ, ही खूण दहा पिढ्या तशीच राहते. दूरच्या नात्यातली एखादी बाईही असू शकेल."

"ही गाठ बघा, मॅडम. दोनदा पिळून आत खोचलेली. माझ्या दप्तराला ती अशीच गाठ मारायची."

प्रभुदेसाई एव्हाना पांढरेफटक पडले होते. "आपण सहाशे बारा दाखले दिलेत," ते म्हणाले. "एकतीस जणांची यादी आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या आईकडची माणसं मामाने आजवर अशीच फेकली असतील. हे बाहेर गेलं तर यंत्र संपलं. मंडळही संपलं."

"बाहेर जाणारच. माझ्या सहीने जाईल, पहिल्या ओळीत."

"अकरा वर्षं घातलीत मी यात, टिपणीसबाई."

"ठाऊक आहे. म्हणून तुम्हालाच सांगते. ती विहीर शोधून द्या."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग बाह्या सरसावल्या आणि राज्याच्या सगळ्या विहिरींच्या पाण्याचा नकाशा उघडला. माणूस तिरसट, पण खरा.

मी खरेदी विभागाच्या सचिवांना फोन लावला. सगळं ऐकल्यावर ते गरजले, "आत्ताच्या आत्ता ठेका रद्द करतो!"

"करू नका!" मीही गरजले.

इथे सल्लागाराचं काम सुरू होतं. यंत्र काय सांगतं ते कुणालाही वाचता येईल. बावीस वर्षांपूर्वी एका खडीच्या खाणीवर मी असाच शहाणपणा केला होता. सकाळी माल थांबवायचं पत्र काढलं, दुपारी धाड घालायला पोचले. खाणीत चिटपाखरू नव्हतं. चुली गरम होत्या, एका चुलीवर भाकरी अर्धी भाजलेली होती. त्या माणसांना टेम्पोत कोंबून कुठे नेलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ठेका रद्द झाला की मालक आधी पुरावा हलवतो आणि इथे पुरावा म्हणजे जिवंत माणसं.

"रद्द करण्याऐवजी वाढवा," मी सचिवांना म्हटलं. "उद्याच्या उद्या आणखी दोनशे पोती हवीत म्हणून कळवा. ट्रक सरकारचा, वाट ठेकेदाराने दाखवायची. गोदामात एवढा माल नाही, मी नोंदी पाहिल्यात. तो ट्रक थेट भट्टीवर नेईल."

"आणि त्याला शंका आली तर?"

"साहेब, दुप्पट मागणी आलेल्या माणसाला शंका येत नाही. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही."

दुपारी तीनला ठेकेदाराचा होकार आला. साडेतीनला प्रभुदेसाईंनी तीन गावं काढून दिली, तिन्ही एकाच तालुक्यातली. ठेकेदाराने ट्रकला सांगितलेला रस्ताही त्याच तालुक्याकडे जात होता. आम्ही तिघं वेड्यासारखे टाळ्या पिटत होतो. शिपाई डोकावून गेला, कुणाचा वाढदिवस आहे का म्हणून.

बुधवारी सकाळी ट्रकच्या मागे अंतर ठेवून आमच्या दोन जीप निघाल्या. जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, खटला चालू आहे. पुढच्या जीपमध्ये प्रांताधिकारी मुलाणीसाहेब होते. वेठीच्या माणसाला मुक्ततेचा दाखला द्यायचा अधिकार त्यांचा. मागच्या जीपमध्ये मी आणि सुगंधा. नात्यातलं माणूस तपासात असेल तर कर्मचाऱ्याने ओळखपत्र अध्यक्षाकडे जमा करायचं आणि जबाब पुरा होईपर्यंत दूर राहायचं, असा नियम आहे. तिचं ओळखपत्र माझ्या पर्समध्ये होतं.

"जबाबाआधी तू तिच्याशी बोललीस," मी तिला चौथ्यांदा बजावलं, "तर उद्या वकील म्हणेल, प्रयोगशाळेच्या मुलीने पढवलं. मालक सुटेल."

"कळलं, मॅडम." तिची बोटं ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती.

बाभळीच्या रानात ट्रक वळला. मातीने लिंपलेल्या सहा भट्ट्या, त्यातून निघणारा पांढरा धूर, काळी पडलेली जमीन. अकरा माणसं होती. सरकारी गाड्या पाहून मुकादम पुढे आला, नमस्कार, चहा, सगळं यथासांग. मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. एक बाई पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. तिने सुतळीचं टोक तोंडात धरलं, पिळलं आणि दाभणात ओवलं.

मुलाणीसाहेबांनी सगळ्यांना विचारलं, "तुम्ही इथं खुशीनं काम करता का?"

"व्हय साहेब, खुशीनं," अकरा जण एका सुरात म्हणाले. शाळेतल्या पाढ्यासारखं. मुकादम मान डोलावत होता.

हे असंच होणार, हे मी साहेबांना वाटेतच सांगितलं होतं. मान डोलावणारा समोर असेपर्यंत दुसरं उत्तर येत नसतं. त्यांनी खूण केली, तसे दोन पोलीस मुकादमाला ट्रकच्या पलीकडे घेऊन गेले. मी नव्या गुडघ्यांना शिव्या देत त्या बाईजवळ जमिनीवर बसले. साहेब वही घेऊन शेजारी उभे राहिले.

"बाई, नाव काय?"

"चांगुणा."

मी जीपकडे बघितलं नाही. आवाजही तसाच ठेवला. "चांगुणाबाई, आठवडी बाजाराला शेवटचं कधी गेला होता?"

तिने पोतं पुढे ओढलं. टाका घातला, दुसरा घातला.

"इथून सगळ्यात जवळचं गाव कोणतं?"

"ठावं नाय." मग ट्रककडे एक नजर टाकून ती कुजबुजली, "बाय, मना काय इचारू नका. मी बोलली तर ते तिला आनतील."

"कुणाला?"

"माझी धाकली बहीण हाय. शिकते. मुकादम बोलला, तू पलालीस तर धाकलीला आनून तुझ्या जाग्यावर बसवू. मी हितं हाय तवर ती तिकडं शिकंल." तिने सुतळी ओढून घट्ट केली. "मी खुशीनं हाय. ल्हेवा तसंच."

पाच वर्षं! कुंपण नाही, साखळी नाही. एक वाक्य पुरलं होतं त्या हरामखोराला. आणि जिच्यासाठी ही इथे बसून होती ती तीस पावलांवर, जीपच्या काचेमागे. मी नुसता हात केला असता तरी ती धावत आली असती. पण मग खटला गेला असता आणि हा मुकादम पुढच्या वर्षी दुसऱ्या वाडीवर उभा राहिला असता. मी आयुष्यात पुष्कळ अवघड सह्या केल्यात. हात वर न करणं त्याहून जड गेलं.

मग मला पर्स आठवली.

"साहेब," मी म्हटलं, "मी आता या बाईंना एक वस्तू दाखवणार आहे. काय दाखवलं, का दाखवलं, शब्दन्‌शब्द लिहून घ्या. उद्या मी स्वतः कोर्टात उभी राहीन."

साहेबांनी मान हलवली. मी सुगंधाचं ओळखपत्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं. फोटोत पांढरा कोट, केस बांधलेले, खाली राजमुद्रा. चांगुणाने ते उचललं. फोटोतल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, त्यावर काजळीचा डाग पडला, तो पुसायला गेली तर आणखी पसरला.

"ही शिकली?"

"शिकली. सरकारी नोकरीत आहे. तिला आता कुणीही कुठेही नेऊ शकत नाही."

चांगुणाने दाभण पोत्यात खोचून ठेवलं. हात झटकले. मग मुलाणीसाहेबांकडे वर बघून मोठ्याने, ट्रकपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ल्हेवा साहेब. पाच वरसं मी बाजार बघला नाय."

ती पाऊण तास बोलत होती. तिचं ऐकून दुसरी उठली, मग तिसरा. मुकादम पलीकडून ओरडायला लागला, तेव्हा त्याला कुणी वळूनही पाहिलं नाही. साहेबांची वही भरली, त्यांनी माझी घेतली. अकरावा जबाब संपल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मी जीपकडे बघून हात वर केला.

ती भेट मी वर्णन करणार नाही. मला नीट दिसलीच नाही, चष्मा ओला झाला होता. एवढं ऐकलं की चांगुणा तिला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ओढणी काली व्हईल गं, लांब व्हय," आणि सुगंधा काही लांब होत नव्हती.

चारच्या सुमाराला तालुक्याच्या कचेरीच्या ओसरीवर आम्ही चहा घेत होतो. आत मुक्ततेचे अकरा दाखले तयार होत होते. प्रभुदेसाईंचा फोन आला. त्यांनी रात्रभर जागून जुने दाखले उघडायला घेतले होते. "पहिल्या दोनशेतच आणखी तीन हात सापडलेत, टिपणीसबाई! तिन्ही सपाट! विहिरी शोधतोय!" अकरा वर्षांचं काम मोडीत निघालेला माणूस लहान पोरासारखा ओरडत होता. मीही ओरडले. ओसरीवरची माणसं बघायला लागली.

फोन ठेवून मी सुगंधाकडे वळले. हे बोलणं मी कालपासून टाळत होते. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "खूण तुझी दिसली, की ती तूच, एवढंच मी धरून चालले. तुला विचारलंसुद्धा नाही. ते दोन्ही मेमो मी मागे घेते."

"नको, मॅडम. एवढ्यात नको." तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मेमो ती बरोबर घेऊन हिंडत होती. "ताईला दाखवायचाय. तिच्यापायी मला बोलणी बसली."

"काय ल्हिवलंय?" चांगुणाने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. चहाची बशी तिने खाली ठेवली आणि कान दिला.

सुगंधाने माझ्याच आवाजाची नक्कल करत वाचलं, "आपल्या हाताची खूण नमुन्यांवर वारंवार आढळत आहे. हा प्रकार त्वरित थांबवावा."

चांगुणाने स्वतःचे काळे हात उलटेपालटे करून पाहिले.

"थांबवला," ती म्हणाली.